अर्जातली जागा

हंसाने दूध पिणाऱ्या बाळाच्या डोक्यावरून हात लांबवून कागद गुडघ्यावर धरला. अर्ज तिनेच लिहायचा होता; गावातल्या बायकांत आठवीपर्यंत शिकलेली ती एकटीच.

“लिही,” कुंतीकाकी म्हणाली, “खाली मुनस्यारीच्या रस्त्याकडेच्या बायकांच्या दारात नर्स येते. आम्ही बाळाला एक सुई टोचून घ्यायला चार तास उतरायचं, चार तास चढायचं. आमची बाळं काय देवदाराच्या ढलप्या आहेत?”

“काकी, एवढं मावत नाही गं.”

“मग बारीक अक्षर काढ!”

बायका हसल्या. नर्स आता महिन्यातून एकदा वर यायला तयार झाली होती. बसायची जागा मात्र एकच, ती गावाने कळवायची होती. हंसाने लिहिलं : देवळासमोरचे अंगण. देवळाला लागूनच तिचं घर होतं, गावातलं शेवटचं.

बाळाच्या काजळाच्या डबीत अंगठे बुडवून बायका ते कागदावर उठवू लागल्या, तेवढ्यात जसुली आली. ओढ्यापलीकडच्या चार घरांतली. पाठीला बाळ बांधलेलं, घागरा गुडघ्यापर्यंत ओला. पूल वाहून गेल्याला वर्ष झालं होतं.

“पलीकडून तुम्ही जमलेल्या दिसलात, हंसाभौजी. म्हटलं, काहीतरी असणार.”

हंसाने मान खाली घातली. निरोप इथे हाकेनेच जायचा, या घरातून त्या घराला. ओढ्यापलीकडे हाक घालायची ती शेवटच्या घराने. आज बाळाच्या रडारडीत ती राहूनच गेली होती.

“जागा कुठली लिहिलीस?”

“इथलीच.”

“बरं झालं,” जसुली अगदी मनापासून म्हणाली. “चार तासांच्या जागी आता नुसता ओढा.” आणि तिने अंगठा उठवला.

तिच्या पाठीवरच्या बाळाचा एक पाय बाहेर लोंबत होता. हंसाने तो सहज तळहातात घेतला. बर्फासारखा गार होता. तिने तो ऊब येईतो धरून ठेवला, मग पेन पुन्हा उघडलं.

“काय खोडलंस गं?” कुंतीकाकीने विचारलं.

“जागा. जसुलीचं अंगण लिहिलं.”

कुंतीकाकीने डबी बाजूला सारली.

“म्हणजे आम्ही कच्चीबच्ची घेऊन पाण्यात उतरायचं?”

“ती उतरतेच की, काकी.”

कुंतीकाकीने ओढ्याकडे बघितलं. मग तिने काजळाची डबी पुन्हा पुढ्यात ओढली.

“तर मग पुलाचंही लिही.”

खाली जागा उरली नव्हती. हंसाने कागद उलटला.