दोन पांढरी शिडं

सासऱ्यांना सगळं स्वच्छ दिसतं, असं फक्त सासऱ्यांचं म्हणणं आहे. मागच्या महिन्यात त्यांनी शेजारणीला मी समजून दूध आणायला पिटाळलं, आणि ती बिचारी घेऊनही आली. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस. सुई ओवून मागायची म्हणजे त्यांना नाक कापल्यासारखं वाटतं.

दर रविवारी सकाळी आम्ही दोघं क्लबच्या तळ्यावर जातो. होड्या जेमतेम हातभर लांब. आपण काठावर उभं राहून त्या रिमोटने चालवायच्या. एका अंगठ्याने शीड ओढायचं-सोडायचं, दुसऱ्याने सुकाणू. निम्म्या क्लबची शिडं सासऱ्यांनीच शिवलीत. माझ्या होडीचंही त्यांनीच शिवलं, स्वतःच्या शिडातून उरलेल्या पांढऱ्या कापडाचं. तेव्हा मला ती काटकसर वाटली होती.

गेल्या रविवारी सेक्रेटरींनी त्यांना बाजूला घेतलं. सेक्रेटरी म्हणजे भूमितीचे निवृत्त मास्तर, सगळे त्यांना कंपास म्हणतात.

"दोनदा तुमची होडी भलतीकडे गेली," कंपास म्हणाले. "पुन्हा गेली तर पुढच्या मोसमापासून टेबलाशी बसा. शिट्टी वाजवायला माणूस हवाच आहे."

सासरे हसले, आणि घरी येईपर्यंत होडी छातीशी धरून चालले. काठावरून उठवलं तर हा माणूस खचेल, हे मला तेव्हाच कळलं.

आज मोसमाची शेवटची शर्यत. सात होड्या. दूरच्या नारंगी फुग्याला वळसा घालून परत यायचं. आम्ही खांद्याला खांदा लावून उभे होतो, आणि सासरे सवयीप्रमाणे पुटपुटत होते, "सोड... जरा सोड... आता ओढ."

फुग्याच्या अलीकडेच त्यांची होडी लव्हाळ्यात शिरली आणि अडकली. मी त्यांच्याकडे पाहिलं. अंगठे चालूच होते, आणि नजर माझ्या होडीवर खिळलेली. माझं पांढरं शीड त्यांना स्वतःचं वाटत होतं.

माझ्या तोंडाला आजवर कुणी कुलूप लावू शकलेलं नाही. पण बोलले असते तर सगळ्यांनी ऐकलं असतं. मूग गिळले. ते "सोड" म्हणाले, मी शीड सोडलं. "वळव" म्हणाले, मी वळवली. झुळूक पाण्यावर दिसण्याआधी त्यांना गालावर कळत होती. माझी होडी एकेकाला मागे टाकत सुटली. एरवी मी शेवटून दुसरी येते.

रेषा जवळ आली तसा मला नंबर आठवला. आमच्याकडे पहिल्या आलेल्याने आपल्या शिडाचा नंबर स्वतः ओरडायचा असतो. सासरे स्वतःचा चौदा ओरडणार, आणि शिडावर छत्तीस बघून सगळा काठ हसणार.

होडीने रेषा ओलांडली. सासऱ्यांनी मान वर केली.

"छत्तीस," ते मोठ्याने म्हणाले. "माझी सून. माझी चौदा कुठे अडकली असेल ती काढा कुणीतरी."

मी त्यांच्याकडे वळले.

"मी आधी अंगठा हलवतो, मग बोलतो," ते हळू आवाजात म्हणाले. "ही होडी बोलल्यावर हलत होती. फुग्यापाशीच कळलं."

"मग बोलत का राहिलात, बाबा?"

"तू ऐकत होतीस. लग्नाला अकरा वर्षं झाली, पहिल्यांदाच."

मला हसू आलं आणि रडूही. दोन्ही हात रिमोटवर, त्यामुळे डोळे पुसताही येईनात.

कंपासांनी टेबलाशेजारची खुर्ची पुढे सरकवली. सासरे गेले, चाचपडत खुर्ची उचलली, आणि काठावर माझ्या शेजारी आणून ठेवली.

"शिट्टीला दुसरा कुणी बघा," ते बसत म्हणाले. "मी पुढच्या मोसमात इथे बसणार. हिच्या कानाशी बोललेलं नियमात बसतं का?"

कंपासांनी टेबलावरची नियमांची वही चाळली.

"सुनेने ऐकल्याची तक्रार," ते म्हणाले, "क्लबकडे आजवर आलेली नाही."