उगवलेलं नाक

लाखनीच्या हायवेवर, बंद पडलेल्या एका ढाब्याच्या अंगणात, दर मंगळवारी लोक नाक पाहायला जमत. देव नाही, मूर्ती नाही, चक्क नाक. ते बपेऱ्याच्या शकुनबाईच्या तोंडावर होतं आणि म्हणे एका बाबाच्या भस्माने आपोआप उगवलेलं होतं. ट्रक थांबत, ड्रायव्हर उतरून हात जोडत, नाकापुढे नारळांचा ढीग चढत जाई. स्वतःचं धडधाकट नाक असताना माणसं दुसऱ्याच्या नाकापुढे डोकं का टेकतात, हे गुड्डीला कळेना.

गुड्डी आसगावची, नुकतीच बारावी झालेली. उन्हाळ्यात भल्या पहाटे ती मोहफुलं वेचायला जंगलात गेली होती. तीच फुलं खायला अस्वलही आलं होतं. जीव वाचला, नाक गेलं. जखम भरल्यावर तोंडाच्या मधोमध भोक उरलं, ते ती ओढणीने झाकून ठेवी. नागपूरच्या डॉक्टरबाईंनी नवं नाक करून द्यायचं कबूल केलं होतं. येत्या सोमवारची तारीखही मिळाली होती. पण तिचे वडील जागेश्वर यांच्या कानावर या बाबाची कीर्ती गेली आणि ते पोरीला घेऊन इथे येऊन बसले.

बाबाचं नाव खुशाल महाराज. महाराज होण्याआधी हा गृहस्थ ट्रकच्या मागे 'बुरी नजरवाले' रंगवायचा. आता स्वतःच्या कपाळावर पट्टे रंगवतो, एवढाच काय तो धंद्यातला बदल.

"धानाचे परे निघतेत का नाई जमिनीतून? तसं नाक निघते," बाबा भस्माची वाटी फिरवत सांगत होता. "डाक्टरचं नाक शिवलेलं, माहं नाक उगवलेलं. अन् खूण पाहाची असन तं शेंड्यावर पाहा. केस हाय. अस्वलानं नेलं, अस्वलानंच परत देलं."

नाकाच्या शेंड्यावर खरोखरच चार-दोन काळे केस होते. लोकांनी हात जोडले. एका शहाण्याने त्यातला एक केस ताईत करायला मागितला.

जागेश्वरांनी गुड्डीला पुढे ढकललं. बाबाने ओढणीच्या आत डोकावल्यासारखं केलं आणि मान हलवली.

"उगवन. पण लोखंड लागाले नाई पायजे. सुरी लागली का देव निघून गेला समज. ते सोमवारचं रद्द करा अन् जखमेवर भस्म थापा."

"रद्द करतो जी," जागेश्वर म्हणाले.

गुड्डीने वडिलांची बाही धरली. उघड्या भोकात राख थापली की आत काय सडेल, हे डॉक्टरबाईंनी तिला समजावून सांगितलं होतं. "बाबूजी, तारीख गेली तं मंग कवा भेटन?"

"बिना फाडता होऊन राहिलं तं फाडाचं कायले, बेटा?" जागेश्वर कळवळून म्हणाले. पोरीवर त्यांचा जीव होता आणि तिच्यावर सुरी चालणार या विचाराने त्यांना झोप लागत नव्हती. बाबाचा धंदा अशाच भित्र्या मायेवर चालतो.

गुड्डी शकुनबाईकडे पाहत राहिली. उकाड्याने बाईला धारा लागल्या होत्या, तरी पदर दोन्ही कानांवर पिना लावून घट्ट बसवलेला. कपाळ भुवयांपर्यंत कुंकवाने लिंपलेलं. एवढं कुंकू आणि एवढा पदर कशाला? तिला डॉक्टरबाई आठवल्या. त्यांनी तिच्या कानाची वाटी चिमटीत धरून सांगितलं होतं, "कपाळाची कातडी खाली वळवायची. पण नुसती कातडी लोंबते. छपराखाली कामट्या घालतो तशी आतून कानातली ही कूर्चा घालायची. वाकते, मोडत नाही. घेतात कानामागून, म्हणून समोरून कान तसाच दिसतो."

गुड्डीने कानातल्या चांदीच्या बाळ्या काढल्या. "मावशी, मले तुमची ओटी भराची हाय."

चांदी दिसताच बाबाचा हात लांबला. "इकडे दे."

"असं कसं महाराज?" रांगेतली एक म्हातारी म्हणाली. "ओटीतला दागिना भरणारीनंच चढवाचा असते. नाईतं पावत नाई." बायका तिच्या बाजूने बोलू लागल्या. भक्तांची भक्तीच बाबाला नडली.

गुड्डीने शकुनबाईच्या पदराच्या पिना काढल्या आणि डावा कान हळूच पुढे वाकवला. मागे पांढरट, बारीक रेघ होती, टाक्यांच्या ठिपक्यांसकट. ओढणीच्या टोकाने तिने कपाळ पुसलं. तिथे उभा व्रण, थेट केसांपर्यंत गेलेला. मग तिने स्वतःची ओढणी सोडली आणि लोकांकडे वळली.

"अस्वल नेते तवा एवढंच राहते. याच्यातून काई उगवत नाई. मावशीच्या नाकावरची कातडी कपाळाची हाय, वरचा तुकडा केसातला आला म्हणून डोक्याचेच केस निघाले. अन् नाक उभं हाय ते कानाच्या तुकड्यावर. मावशी, तुमीच सांगा."

शकुनबाई रडायला लागली. "दवाखान्यातून आली तं गावातले पोट्टे हसत होते, नकली नाकाची बाई म्हणून. महाराज म्हणाले, माहं नाव घे. तवापासून तेच लोक पाया पडून राहिले. मी काय करू?"

बाबा सावरला. "डाक्टरच्या हातात शक्ती कोनं घातली? मीनंच." आणि काही महाभागांनी माना डोलावल्यासुद्धा. ताईतवाला तर केस जपून घेऊन गेला. असल्यांना कोण काय समजावणार?

जागेश्वर मात्र शकुनबाईजवळ जाऊन उकिडवे बसले. "बाई, लय दुखलं का?"

"गुंगीत काई समजलं नाई. मंग कान थोडा ठणकला."

"अन् त्या कानानं ऐकू येते?"

"तुमी विचारून राहिले ते ऐकूनच तं सांगून राहिली, दादा."

चमत्कार दिसला की आधी टाके शोधावेत. आणि दवाखान्यात बरं झालेल्यांनी तसं छाती ठोकून सांगावं, न लाजता. त्यांच्या लाजेवर बाबा पोसले जातात, आणि ही लाज त्यांना हसणाऱ्यांनीच आणलेली असते.

रविवारी आसगावच्या स्टँडवर नेहमीची मंडळी बसली होती. कुणीतरी विचारलं, "जागेश्वर, कुठं चालले गा, महाराजाकडे?"

जागेश्वरांनी पोरीची पिशवी खांद्यावर घेतली. "नागपूरले. डाक्टरीन गुड्डीच्या कानातला तुकडा काढून नाक बनवून राहिली," ते सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं म्हणाले. "ज्याले हसाचं असन त्यानं आत्ताच हसून घ्यावं."

कुणी हसलं नाही. गुड्डी ओढणी न बांधता बसमध्ये चढली.