चेंडू कोण आणणार?

माजिवड्याला एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर अमेरिकेचा बेसबॉल तपासला जायचा. अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. तिकडची एक कंपनी कॉम्प्युटरवरचा गेम बनवून पाठवायची आणि इथे चार जण दिवसभर तो खेळून त्यातल्या चुका शोधायचे. चौघांपैकी एकानेही खरा बेसबॉल पाहिलेला नव्हता. गिरणी सुरू झाली की टेबलं थरथरायची आणि खेळाडूंपेक्षा कीबोर्डच पांढरे दिसायचे.

ठाकुर्लीचा महिपत त्यांतला सगळ्यात नवा. सहा महिन्यांच्या बोलीवर लागलेला, त्यातले पाच उलटलेले. बाकीच्यांनी शेकड्याने चुका काढल्या होत्या. महिपतची एकच होती : चेंडू मैदानाबाहेर जातो आणि आणायला कोणी जात नाही. अमेरिकेहून उत्तर आलं की ही चूक नव्हे, चेंडू गेला की दुसरा घेतात. महिपतने ते तीनदा वाचलं. जगात इतकी श्रीमंती असेल यावर त्याचा विश्वास बसेना. त्याने तीच चूक पुन्हा नोंदवली, या वेळी ‘गंभीर’ या सदरात.

कारखानीस साहेबांनी त्याला आत बोलावलं.

“महिपतराव, एक तारखेला तुमची मुदत संपते. एका चेंडूवर मी तुम्हाला कायम कसा करू?”

“चूक नसेल, तर खेळाचा नवा प्रकारच करूया साहेब,” महिपत म्हणाला. “चेंडू आणायचा. गेममध्येच.”

साहेबांनी त्याचा चेहरा बराच वेळ निरखला. त्यावर चेष्टेचा मागमूस नव्हता, तो कधीच नसायचा. शेवटी त्यांनी शुक्रवारपर्यंत एक पानी प्रस्ताव आणि छोटासा नमुना मागितला. नमुना बनवायला चौघांतली शीला तयार झाली, तिला प्रोग्रॅमिंग यायचं. तिची अट एवढीच, की मैदानाच्या भिंतीपलीकडे काय असतं ते नीट सांग, ‘मजा असते’ असलं काहीतरी सांगू नकोस.

भिंतीपलीकडे मनुबाई असायची. महिपतच्या लहानपणी ठाकुर्लीत कंपाउंडबाहेर गेलेला प्रत्येक चेंडू या कोळणीच्या अंगणात, तिने वाळत घातलेल्या बारीक कोळंबीवर, जवळ्यावर पडायचा. रविवारी महिपत तिच्याकडे गेला. अंगण तेच होतं, जवळ्याचा वास तोच आणि काठीही तीच.

“मनुआजी, अमेरिकेचा चेंडू तुझ्या अंगणात पडला तर?”

मनुबाईला जराही नवल वाटलं नाही. “जवल्यावर परला, का बाजूला?”

“जवळ्यावर.”

“मंग फुकट नाय भेटनार, बाला.”

आणि तिने सांगितलं. आधी पंपावरून दोन हंडे पाणी आणायचं. मग तासभर कावळ्यांपासून जवळा राखायचा. शेवटी तिच्या लेकीचं पत्र वाचून दाखवायचं. महिपतने सगळं लिहून घेतलं. निघताना त्याच्या लक्षात आलं, की बोलता बोलता दोन हंडे आपण भरूनही दिलेत.

शीलाने चार दिवसांत नमुना उभा केला. चेंडू बाहेर गेला की एक खेळाडू हातमोजा काढून भिंतीवरून उडी मारायचा, पलीकडे काठी घेतलेली म्हातारी उभी. तिचं काम होईपर्यंत चाळीस हजार प्रेक्षक मुकाट बसून राहायचे. साहेबांनी प्रस्तावाच्या शेवटी फक्त ‘आपले नम्र’ तेवढं घातलं आणि पाठवून दिला.

शुक्रवार गेला, सोमवार गेला. तीस तारखेला साहेबांच्या टेबलावर पेपरवेटखाली एक टाइप केलेलं पत्र होतं. महिपतने समोरून, उलट्या अक्षरांत, आपलं नाव वाचलं. पुढचं वाचायची गरज नव्हती.

तेवढ्यात फोन वाजला. साहेबांनी ऐकून घेतलं आणि रिसीव्हरवर हात ठेवला.

“अमेरिकेचे डेनिस साहेब आहेत. त्यांची चार माणसं तीन दिवस काम सोडून हेच खेळताहेत. पाणी भरलं म्हणे. पण जवळा कावळे नेतात. अजून एकालाही चेंडू मिळालेला नाही.”

“मग काय म्हणतात?”

“कावळ्यांचं काय करायचं, असं विचारताहेत.”

लहानपणी महिपतही तिथेच अडकायचा. उद्या सांगतो, असं त्याने साहेबांकडून कळवलं. साहेबांनी ते पत्र पेपरवेटखालून काढून ड्रॉवरमध्ये सरकवलं. ड्रॉवर बंद मात्र केला नाही.

दुपारी मनुबाईने प्रश्न ऐकला आणि त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

“पयली मूठ कावल्यांची. ती लांब टाकायची, मंग ते तिकडंच बसतान. तू आपला सगली वरसं काठी घेऊनशी धावत व्हतास.”

“तेव्हा का नाही सांगितलंस?”

“तू कवा इचारलास?”

तिने अजून एक गोष्ट सांगितली, पत्राबद्दलची. महिपतने तीही लिहून घेतली आणि न सांगता हंडा उचलला.

संध्याकाळी शीलाने गेममध्ये कावळ्यांची मूठ घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन आला. साहेब ऐकत होते, महिपत दारात उभा होता, आणि खाली गिरणी सुरू झाल्यामुळे टेबलाबरोबर ड्रॉवरही थरथरत होता.

“कावळे गेले म्हणे,” साहेब रिसीव्हर झाकून म्हणाले. “पत्रापर्यंत पोचलेत. पत्रात एक वाईट बातमी आहे. ती म्हातारीला वाचून दाखवायची, की गाळायची?”

“गाळायची, साहेब. तिला ती आधीच ठाऊक असते.”

कारखानीस साहेबांनी ड्रॉवरमधलं पत्र काढलं, एकदा महिपतकडे पाहिलं आणि त्याचे सावकाश दोन तुकडे केले. मग रिसीव्हरवरचा हात काढून ते अमेरिकेला म्हणाले, “गाळायची.”