अळंबीबाबाचं पाणी

अर्धापूरजवळच्या पटांगणात सकाळीच दोनशे माणसं उपाशीपोटी रांगेत उभी होती. मंचावर अळंबीबाबा शिताके नावाच्या जपानी अळंबीची पूड पाण्यात ढवळत होते. "ही तुमच्या बांधावरची भुईछत्री न्हाई. ही रक्तातली साखर पिऊन टाकते. आता सुया फेका अन् मोकळे व्हा."

काल इथंच मोजली तेव्हा रांगेतल्या जगदेवीची साखर तीनशे दहा भरली होती. आज पाणी पिऊन मोजली तर एकशे अडतीस. बाबांचा जयजयकार झाला आणि बारा वर्षं घेतलेलं इन्सुलिन जगदेवीनं तिथंच कचऱ्यात टाकलं. तिला न्यायला आलेली तिची लेक शिवांगी ते बघून पुढं धावली. ती दवाखान्यात रक्तच तपासायची.

"आई, काल मोजायच्या आधी काय खाल्लंस?"

"परसाद. दोन केळी अन् वाटीभर शिरा."

"अन् आज?"

"रात्रीपासून निरंकार उपास हाय की."

शिवांगीला हसावं की रडावं कळेना. तिनं पर्समधलं यंत्र काढलं आणि अजून पाणी न मिळालेल्या पाच जणांची बोटं टोचली. पाचही जणांची साखर कालच्यापेक्षा आधीच उतरलेली. मग ती थेट मंचावर चढली.

"काल तुम्हाला गोड चारून मोजली, आज उपाशी ठेवून. फरक पोटाचा हाय, पाण्याचा न्हाई. शिताके चांगली भाजी हाय. प्रथिनं हायत, चोथा हाय, खुशाल खा. पर ती इन्सुलिनचं काम करत न्हाई."

मग त्या पाचांतल्या ग्यानोबांनी हात जोडले. "म्हंजे नुसतं रांगेत उभं ऱ्हायलं तरी साखर उतरते. काय ताकद हाय महाराजांची."

टाळ्यांनी पटांगण दणाणलं. बाबांनी डोळे मिटून घेतले. बसल्या जागी चमत्कार दुप्पट झाला होता, लबाडाला आणखी काय हवं?

शिवांगीनं नवं इन्सुलिन आणलं, पण आई दंडाला हात लावू देईना. आठव्या दिवशी आई बेशुद्ध पडली. नांदेडच्या दवाखान्यात साखर पाचशेच्या वर निघाली, मूत्रपिंडं निकामी होत चालली होती. दोन दिवसांनी तिनं डोळे उघडले.

"उपासात बिस्कीट खाल्लं गं मी, म्हनून झालं हे. बाबाचं पाणी आन."

शिवांगी तिचा हात धरून रडत राहिली.

वाचणाऱ्यांनो, हात जोडून सांगतो. दोन दिवसांची साखर ताडून बघायची तर दोन्ही दिवशी पोट सारखंच हवं. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय इन्सुलिन सोडू नका. जगदेवीला हे सगळं सांगून झालं होतं.