पूर्ण बाह्यांचा शर्ट

"बाह्या खाली करा ना बाबा," सुजय म्हणाला. "आणि बटनं पण लावून घ्या."

ह्यांनी मुकाट्याने बाह्या उतरवल्या. बटणं काही त्यांना लावता येईनात, म्हणून मी लावून दिली. ह्यांची बोटं जाड आणि नव्या शर्टाची काजं बारीक. तो पांढरा शर्ट सुजयनेच आदल्या दिवशी राजवाड्यावरच्या बाजारातून आणला होता. बत्तीस वर्षं मिलच्या बॉयलरमध्ये कोळसा टाकणाऱ्या माणसाला पांढरा शर्ट कशाला, असा प्रश्न माझ्या मनात आला नाही. मुलाने बापासाठी काही आणलं, एवढ्यावरच मी खूश. माझी अक्कल नेहमी उशिराच उठते.

"आमचे साहेब येतीलच आता," सुजय गल्लीच्या तोंडाकडे बघत म्हणाला. "विचारलं तर म्हणा, मिलच्या ऑफिसात होतो. स्टोअर बघायचो."

"का रे?" मी विचारलं.

"अरे यार आई, मी त्यांना तसं बोलून चुकलोय. वहाँ सगळ्यांचे वडील ऑफिसर आहेत. पुढच्या महिन्यात नोकरीत माझं कन्फर्मेशन आहे, आता कशाला बात वाढवतेस."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांच्या दोन्ही हातांवर, मनगटापासून कोपरापर्यंत, निळेकाळे डाग आहेत. भट्टीचं दार उघडलं की निखारे उडायचे, कातडी भाजायची आणि कोळशाची भुकटी त्या जखमेत कायमची बसायची. लग्नानंतर पहिल्यांदा ते डाग पाहून मी रडले होते, आणि पुढे त्याच हातांनी माझं घर चाललं. तर आता ते झाकायचे होते. माझ्या ओठांवर आलं होतं, पण हे म्हणाले, "बरं." एवढंच.

मिल बंद होऊन दोन वर्षं झाली होती. सुजयला पिथमपूरच्या नव्या कारखान्यात नोकरी लागली, म्हणून मिलजवळचा परदेशीपुरा सोडून आम्ही सुदामा नगरात भाड्याने आलो. त्याचे गद्रे साहेब पुण्याहून बदलून आलेले. त्यांना माळवा बघायचा होता आणि उघड्या रानात बाफले खायचे होते. त्यांच्याच मारुती व्हॅनमधून रविवारी जायचं ठरलं. बाफले, म्हणजे कणकेचे गोळे, हळदीच्या पाण्यात उकडून मी पहाटेच डब्यात भरले होते. तिकडे फक्त भाजायचे, तुपात बुडवायचे.

खंडवा रोडला लागलो आणि सिमरोलच्या अलीकडे दोन्ही बाजूंना गहू दिसू लागला, मधे मधे हरभरा. साहेबांच्या बायकोने, कुमुदिनीबाईंनी, व्हॅन थांबवून हरभऱ्याच्या जुड्या घेतल्या. बाई साधी होती. माझं "इकडून मुडायचं, मग सीधं" ऐकून हसली, पण कुत्सित नाही.

"काका, मिलमध्ये तुम्ही काय बघत होता?" साहेबांनी गाडी चालवताना आरशातून बघत विचारलं.

"स्टोअर," हे म्हणाले. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली घेतले होते. एरवी रस्त्यातलं झाड न् झाड मला दाखवणारा माणूस, पण त्या दिवशी सिमरोलच्या पुढचा घाट उतरेपर्यंत चकार शब्द बोलला नाही.

घाटाखाली नदीकाठी एक वड बघून आम्ही उतरलो. साहेबांनी डिकीतून लोखंडी शेगडी काढली, वर जाळी असलेली. त्यांच्या भावाने परदेशातून पाठवली होती. त्यावर ते पनीर आणि बटाटे भाजणार होते. बाफल्यांसाठी सुजयने कंडे, म्हणजे शेणाच्या गोवऱ्या, आणले होते, गच्चीवर ठेवलेले, दवाने ओले झालेले. आग मीच पेटवणार, असा साहेबांचा हट्ट. पेटवली कसली, सगळा धूर. कुमुदिनीबाई खोकत नदीकडे पळाल्या. सुजय पुठ्ठ्याने वारा घालून घालून लाल झाला. शेवटी साहेबांनी घासलेटचा डबा उचलला.

हे इतका वेळ वडाला टेकून बसले होते. ताडकन उठले.

"घासलेट नका टाकू साहेब. बाफल्यांना बास मारेल."

"मग पेटणार कशी, काका?"

"हवा खालून लागते तिला. तुम्ही तिचं तोंडच बंद केलंय."

आणि ते उकिडवे बसले. सगळे कंडे उपसले, खाली दोन दगड लावून वाट केली, सुके वेगळे, ओले वेगळे. सुके उभे रचले, ओले भोवती तापायला ठेवले. एक काडी लावली आणि हात मागे घेऊन नुसते बघत राहिले. पुठ्ठा नाही, फुंकर नाही. दोन मिनिटांत धूर बारीक झाला आणि ज्वाळ सरळ वर आली. माझा ऊर भरून आला, खोटं कशाला सांगू. दोन वर्षांत त्यांची पाठ अशी ताठ मी पाहिली नव्हती.

पण बाह्या खालीच. मनगटाशी बटणं लावलेली, पांढऱ्या कफांना राख लागत होती.

"कमाल आहे," साहेब म्हणाले. "स्टोअरमधल्या माणसाला आगीचं एवढं कसं कळतं?"

सुजयने मान खाली घातली. हे त्याच्याकडे न बघता म्हणाले, "घरी चूल होती ना आमच्या."

तेवढ्यात एक कंडा फुटला. ठिणगी उडून ह्यांच्या उजव्या बाहीवर बसली आणि कापड जळायला लागलं. त्यांनी डाव्या तळव्याने ती दाबून विझवली आणि पुन्हा कंडे सारखे करायला लागले. बाहीला भोक पडलं, आत कातडी लाल दिसत होती. तरी त्यांनी बटणाला हात लावला नाही. मुलाला शब्द दिला होता.

सुजय आला आणि त्यांच्यासमोर मातीत बसला. त्याने बापाचा हात हातात घेतला, एक बटण काढलं आणि बाही कोपराच्या वर दुमडली. मग दुसरी. ते सगळे डाग उन्हात उघडे पडले.

"सर, बाबा स्टोअरमध्ये नव्हते," तो म्हणाला. "फायरमन होते. बत्तीस साल बॉयलर चालवला त्यांनी. मी झूठ बोललो होतो."

साहेब त्या हातांकडे बघत राहिले. मग पुठ्ठा उचलून, पँटची पर्वा न करता, तेही खाली बसले.

"काका, आमचा बॉयलर बटणावर चालतो," ते म्हणाले. "इंजिनियर होऊन मला अठरा वर्षं झाली, पण आत आग कशी दिसते ते मी धड पाहिलेलं नाही. दाखवा मला."

"मग तो पुठ्ठा आधी फेका," हे म्हणाले. "आणि गप्प बसा. आगीला घाई चालत नाही."

साहेबाला असं बोलले म्हणून मी जीभ चावली. साहेब मात्र पुठ्ठा टाकून शहाण्या मुलासारखे बसले. ह्यांनी निखाऱ्यांवर तळहात धरला, थांबले, मान हलवली, पुन्हा धरला. मग बाफले मांडले, सगळ्या बाजूंनी फिरवले आणि शेवटी गरम राखेत पुरले.

"मिलमध्ये शनिवारी आग अशीच दाबायचो," ते म्हणाले. "सोमवारी उघडली की आत जिवंत. आखरी दिवशी पण दाबूनच आलो. नोटिशीत लिहिलं होतं, मिल बंद, पुढील आदेशापर्यंत. विझवा, असं कोणी बोललंच नाही."

बाफले निघाले ते फुलासारखे उकललेले. साहेबांनी पाच खाल्ले. त्यांचं पनीर आणि बटाटेही ह्यांनीच भाजून दिले, शिवाय हरभऱ्याच्या जुड्या शेकून कुमुदिनीबाईंच्या ओंजळीत घातल्या.

निघताना मी पाण्याची बादली आणली. हे काठीने उरलेले निखारे राखेखाली ओढत होते, सवयीने. मग थांबले. राख पुन्हा बाजूला केली, सगळे निखारे पसरले आणि सुजयला म्हणाले, "टाक पाणी." सुजयने पाणी टाकलं. फस्स आवाज होऊन वाफ वर गेली, ती संपेपर्यंत हे उभे राहिले.

परतताना साहेबांनी ह्यांना पुढे बसवलं. घाट चढून वर आलो तोवर दिवस कलला आणि खिडकीतून गार वारा यायला लागला.

"अहो, थंडी आहे," मी मागून म्हटलं. "बाह्या खाली करा."

"राहू दे," ते म्हणाले, आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून सिमरोलचा गहू बघत बसले.