रोज विंचरणार कोण?

पूडलचे केस फारसे गळत नाहीत, ही बातमी लेकीने घरात आणली आणि माझी पंचाईत झाली. केसाळ जनावराजवळ गेलं की तिला धाप लागते. म्हणून कुत्रं नको, हे माझं उत्तर दहा वर्षं टिकून होतं. पूडलने ते एका संध्याकाळी निकालात काढलं.

"गळत नाहीत, पण वाढतात," मी म्हटलं. "रोज विंचरायचे, दर दीड महिन्याने कापायचे."

"मग तू आहेस की," नवरा म्हणाला. विषय संपला.

मी पार्लरमध्ये केस कापते. बावीस वर्षं, उभ्याने. घरी येते तेव्हा कपड्यांत, चपलांत, कधी कधी कानातसुद्धा लोकांचे केस असतात. त्यात दोन वर्षांपासून उजवा अंगठा संपावर गेलाय. कात्री कमी करा, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. तो कागद मी दुकानातल्या टॉवेलांच्या खणात ठेवून दिला. घरी सांगितलं असतं तर सगळे घाबरले असते, आणि त्यांना धीर द्यायचं कामही माझ्याच वाट्याला आलं असतं.

रविवारी आम्ही चौघं पिल्लू बघायला गेलो. पिल्लं देणाऱ्या बाई मुख्याध्यापिका शोभल्या असत्या. फाटकाची कडी मी डाव्या हाताने काढताना त्यांनी पाहिलं. आम्हाला फरशीवर बसवून त्यांनी आधी आमचीच परीक्षा घेतली. घर केवढं, जिने किती, दिवसभर घरी कोण?

पिल्लं तीन होती. एक नवऱ्याच्या बुटाची लेस खात होतं. दुसरं लेकीच्या अंगावर उड्या मारत होतं. तिसरं, तपकिरी, पाण्याच्या वाडग्याला टेकून गाढ झोपलं होतं. मला त्याचा हेवा वाटला.

"दांडगोबा आमच्याकडे आधीच एक आहे," सासूबाई आपल्या मुलाकडे बघत म्हणाल्या. "हे झोपाळू बरं."

लेकीलाही ते पटलं. झालं, ठरलं.

"रोज विंचरणार कोण?" बाईंनी विचारलं.

तिघांनी माझ्याकडे पाहिलं. "हिचा तर हात चालतो," नवरा कौतुकाने म्हणाला.

"त्यांना विचारलंत?"

बाईंनी झोपलेलं पिल्लू माझ्या मांडीवर ठेवलं आणि हातात कंगवा दिला. "टोकापासून सुरू करा, मग वर." कानामागे गुंता होता. मी जोर लावला, अंगठ्यातून कळ गेली आणि कंगवा खाली पडला.

"कधीपासून?" बाईंनी हळूच विचारलं.

"दोन वर्षं." मग मला थांबताच येईना. "मला कुत्र्याचा राग नाही हो. मी दमलेय. फार दमलेय."

"कधी बोलली नाहीस," नवरा म्हणाला.

"दोन वर्षं बरण्यांची झाकणं कोण उघडतंय?"

"मीच."

"का, ते कधी विचारलंस?"

तो लेस बांधत बसला.

बाईंनी उरलेला गुंता स्वतः सोडवला; पिल्लू जागंही झालं नाही. पण ते त्यांनी दिलं नाही. कंगवा मात्र दिला. "महिनाभराने या. तोवर यांना सोडून बाकीच्या तिघांनी हात बसवा. घरातच कुणाच्या तरी डोक्यावर शिका." परतीच्या वाटेवर लेक रडली. तिची समजूत काढायचं त्राण माझ्यात नव्हतं. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

घरी येऊन मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले. अंबाडा कुणीतरी मागून सोडला. वळून पाहिलं, तर सासूबाई.

"आई, तुमचे गुडघे..."

"गप बस."

त्यांनी टोकापासून सुरुवात केली. मानेजवळच्या गुंत्याशी बराच वेळ थांबल्या, ओढाताण न करता. बावीस वर्षं मी गावभरची डोकी सांभाळली. माझ्या डोक्याला आईनंतर कुणी हात लावला नव्हता. मला हुंदका आवरला नाही.

"दुखलं का गं?"

"नाही."

"मग हलू नकोस. त्या पिल्लाने बघ कसं विंचरून घेतलं."