शेवटचा नळ

"अगं, हे पिवळं का होत नाहीये?" आईने काचेची नळी खिडकीतल्या उजेडात धरली.

रोज पाणी आलं की आई स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी नळीत घ्यायची, औषधाचे थेंब टाकायची. पाणी पिवळं झालं, म्हणजे त्यात क्लोरीन आहे, प्यायला हरकत नाही. पाणीखात्यात तिची सारी नोकरी याच कामात गेली होती. घरही वस्तीच्या टोकाला, पाइपलाइनच्या अगदी शेवटच्या नळावर. लेक नव्या फ्लॅटचा विषय काढायची, तेव्हा आई म्हणायची, "इथं पिवळं आलं, म्हणजे सगळ्यांना पोचलं. मग मला झोप लागते." पिवळं झालं की ती रोज "पोचलं गं!" असं ओरडायची. लेकीने कधी हुंकारही दिला नव्हता. आज मात्र दुपारी फ्लॅट बघायला जायचं नक्की ठरलं होतं.

आईने पुन्हा थेंब टाकले. पाणी ढिम्म. तिने नळी नाकाशी नेली आणि तिचा चेहराच बदलला.

"गटाराचा वास येतोय. खाली रस्ता खोदलाय ना, तिथंच पाइप फुटला असणार." फोन कानाला लावता लावता ती ओरडली, "शाळा! तिथले नळ याच लाइनवर आहेत. आता मधली सुट्टी होईल, पळ! मी व्हॉल्व्ह बंद करायला लावते."

लेक अनवाणीच सुटली. "नळाचं पाणी पिऊ नका! गटाराचं पाणी शिरलंय!" ओरडून तिचा घसा बसला.

"अहो, मी आत्ताच चूळ भरली!" गॅलरीतून एक आजोबा म्हणाले.

"मग थुंका ना, आजोबा!"

शाळेच्या फाटकात ती पोचली, तर सुट्टी झालेली. पोरं नळांकडे उधळली होती. तिचा बसका आवाज त्या गलक्यात कुठला ऐकू यायला? तिने शिपायाच्या हातून घंटेची हातोडी हिसकावली आणि घंटा बडवायला सुरुवात केली.

"ए, आत्ताच तर झाली सुट्टी!" पोरं करवादली, पण सवयीने वर्गाकडे वळली. नळापाशी एका मुलीची ओंजळ भरलेली होती. ती तिने चरफडत सोडून दिली.

मुख्याध्यापक बाई लालबुंद होऊन आल्या. "कोण तुम्ही?"

"पाणीवाल्या बाईंची मुलगी," ती धापा टाकत म्हणाली. "नळात गटाराचं पाणी शिरलंय!"

ते ऐकताच बाईंनी तडक शिपायाला सगळे नळ बांधायला पिटाळलं.

दुपारी पाइप सांधला. कोपऱ्यावर लाइन मोकळी केली, तसा काळ्या पाण्याचा लोट बाहेर पडला. आई पदर खोचून घोटाभर चिखलात उभी होती आणि हसत होती.

"घंटा बडवलीस म्हणे?"

"हात गळून गेलेत माझे."

"माझ्या खात्यात यायला हवी होतीस तू!"

संध्याकाळी नळी पिवळी झाली. "फ्लॅट राहिलाच बघ," आई अंथरुणावर पाठ टेकत म्हणाली, "उद्या नक्की जाऊ."

सकाळी ती उठली नाही.

पुढच्या आठवड्यात, सांत्वनाला आलेली मावशी परत जायला बॅग भरताना म्हणाली, "आता तरी हे घर सोड बाई." तेवढ्यात नळ फुसफुसला. लेकीने नळी धरली, थेंब टाकले. पिवळा रंग हळूहळू खालपर्यंत उतरला.

नळी खिडकीतल्या उजेडात धरून ती मोठ्याने म्हणाली, "पोचलं गं, आई. सगळ्यांना पोचलं."